चुन्याचा टिपका

पंचफुला : कापू नका. पयले सांगा, हे पपई कुठून आणली?

कवडू : बाजारातून. आणखी कुठून येईन?

पंचफुला : आपल्या घरामागच्या बाडीत तीस खड्डे पपईचे, अन् घरचा धनी पपई इकत आणते. शी.

धोंडबा : दमानं, सूनबाई. पोरगा ड्युटीवरून आला, पाणी तं पिऊ दे त्याले.

पंचफुला : पिऊ द्या. मामाजी, तुमाले मोतीबिंदूनं दिसत नाई, म्हणून सांगते. अठ्ठावीस झाडं नर निघाली. फुलांचे झुबके लोंबून राहिले, फळ एक नाई. दोन माद्या होत्या, त्या बुडात पाणी साचून सडल्या.

कवडू : नर निघाले तं माझा काय दोष?

पंचफुला : बी मी राखेत घोळून वाळवलं. पळसाच्या द्रोणात रोपं केली. एका खड्ड्यात तीन लावाची, फुलं आली का नर उपटाचा अन् मादी ठेवाची. माझी माय असंच करे, तुमचीही करे. मी चार दिवस गोंदियाले माहेरी गेली, तं तुमी काय केलं?

कवडू : निवड केली.

पंचफुला : कशी केली, थेही सांगा मामाजीले.

कवडू : त्यात काय सांगाचं? प्लांटमधे लोखंड गाळाच्या भट्टीच्या विटा मीच निवडतो. वाकडी, बारकी, चिरलेली वीट दिसली का चुन्याचा टिपका द्याचा अन् बाजूले टाकाची. रशियन साहेबानं पाठ थोपटली होती माझी. तसंच इथं केलं. फुलाची वाट न पाहता जाडं, सरळ रोप ठेवलं. बारक्याले टिपका देऊन उकिरड्यावर टाकलं. एका खड्ड्यात एक. पुरी लाइन सुतात.

पंचफुला : कोवळ्या पानाले चुना लावला या माणसानं. अन् जी जोमानं वाढते थे जास्त नरच असते.

धोंडबा : मले कावून नाई सांगतलं, पोरी?

पंचफुला : तुमी म्हणाले असते, पोरगा प्लांटात शिकून राहिला. सारेच म्हणते. ज्याच्या खिशात गेटपास, त्यालेच सारी अक्कल. बाडीत जलम गेला तिले कोण विचारते?

कवडू : जुनं कावून उकरून राहिली? बोली तुझ्यासमोर ठरली. बैशाखापर्यंत पपई लागली तं बाडी ठेवू, नाई तं तेजरामच्या वीटभट्टीले माती देऊन टाकू अन् प्लांटच्या क्वार्टरात जाऊ. उद्या येऊन राहिला तेजराम. क्वार्टरात नळ हाय, बिजली हाय, पक्का फर्श हाय.

पंचफुला : अन् त्या फर्शावर मी काय पेरू?

कवडू : बोली म्हणजे बोली. पपई नाई लागली.

धोंडबा : कवडू, हे पपई कोणाजवळून घेतली रे?

कवडू : होती एक बाई, टोपली घेऊन बसली होती.

धोंडबा : बाईले नाव नाई?

कवडू : कलावती.

पंचफुला : आपल्या उकिरड्यावरून शेणखत नेते, थे कलावती? तिच्या दारात तं पपईचं झाड नव्हतं कधी.

कवडू : लावलं अशीन.

पंचफुला : रोपं कुठून आणली तिनं? माझ्याकडे पाहून सांगा.

कवडू : उकिरड्यावरचीच होय. तिनंच सांगतलं, हासून हासून. सारा बाजार ऐकत होता. म्हणे, चुना धुतला अन् तीन-तीन लावली. रोज टोपलीभर उतरते म्हणे.

(धोंडबा चाचपडत सुरी घेतो आणि पपई कापतो.)

पंचफुला : अन् हे सारं ऐकून तुमी घरी येऊन म्हणता, बाजारातून आणली. रोपं चुकली, थे मी गिळलं असतं. चुकते माणूस. पण माहीत असून उद्या माझी बाडी तेजरामले द्याले निघाले तुमी. मले किळस येऊन राहिली तुमची.

कवडू : लाज वाटली वं. कसं सांगू?

पंचफुला : जसं नळाचं सांगतलं, तसंच.

धोंडबा : गोड हाय. कवडू, बोली काय ठरली होती? पुन्हा सांग.

कवडू : पपई लागली तं बाडी ठेवू.

धोंडबा : बी कोणी वाळवलं? रोपं कोणी केली?

कवडू : हिनं. पण बाबा, लागली तं कलावतीच्या दारात ना.

धोंडबा : कोणाच्या दारात लागाची, थे ठरलं नव्हतं. बाडी अजून माझ्या नावानं हाय. उद्या तेजरामले मीच सांगतो, माती भेटत नाई म्हणून.

कवडू : अन् क्वार्टर?

पंचफुला : तुमी राहा. नळाखाली आंघोळ करा. मामाजी, बिया फेकू नका, वाटीत काढा. मी चुलीतली राख आणते.

कवडू : रविवारी सुट्टी हाय माझी. नर उपटून देतो. साऱ्याच्या सारे.

पंचफुला : सारे नाई. दोन राहू द्या. फळ धराले तेवढे लागते.

कवडू : कोणते ठेवू?

पंचफुला : तुमी निवडू नका.