ठमीची खुर्ची

लिमयेकाकूंच्या मांजरीचं तुम्हाला सांगितलं का? अहो, मंडईमागच्या आमच्या सोसायटीत शेजारी राहतात त्या. काकू आणि त्यांची ठमी, या दोघींवर मी मुलांसाठी चित्रांचं पुस्तक केलं. मुखपृष्ठ तर झकासच जमलं होतं. खुर्चीत काकू, मांडीवर ठमी. छापायला देण्याआधी काकूंना दाखवायला गेलो.

काकूंनी चष्मा लावला. "चित्र बरं आहे. पण मी तिच्या खुर्चीत कशी?"

"काकू, खुर्ची तुमचीच ना?"

"विकत मी घेतली. बसते ती. पहिल्या दिवाळसणाला जावई आले, तेसुद्धा सतरंजीवर बसले. उद्या हे पुस्तक त्यांच्या हातात पडलं, तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

मुद्दा बिनतोड होता. घरी येऊन मी अख्खं मुखपृष्ठ नव्यानं रंगवलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचा फोन आला. "चित्र गोड आहे हो, पण या वयात बाईंना उभं का ठेवलंय? लोक नावं ठेवतील. बसवा त्यांना."

म्हटलं, "बसवतो की. आधी तुम्ही येऊन ठमीला उठवा."