पानावर आडवा हात

नाही नाही, डॉक्टर, नाडी मागाहून बघा, आधी माझं ऐका. नाना बारीक झाले, नाना बारीक झाले म्हणून आमची बायको रखमा डोळ्यांना पदर लावते आणि मी म्हणतो, अगं, आनंद कर — इतकं खाऊनही माणूस वाळतो म्हणजे पोटातला जाळ कसला असेल. अख्ख्या कल्याणात या महिपतरावाच्या शेजारी पानावर बसायला लोक बिचकतात, आणि हे धोतर बघा, कंबरच उरली नाही त्याला धरून राहायला. गंमत आहे की नाही? तुम्ही हसत नाही. बरं.

गेल्या खेपेला तुम्ही समजावलंत ना, ते मी घरी सगळ्यांना म्हणून दाखवलं. भात पोटात जातो, त्याची साखर होते, ती रक्तात उतरते — मग काळीज, नाही, चुकलो, यकृत — यकृत म्हणजे घरातली कोठी, जास्तीचं सगळं तिथे भरायचं आणि उपासाला थोडं थोडं काढून द्यायचं. हातापायांचं मांस ती साखर घेतं, जाळतं, तेव्हा कुठे माणूस काळ्या तलावापर्यंत चालून येतो. आणि हे सगळं एकमेकांना विचारून. वा. मी म्हटलं, आमच्या घरात सख्ख्या भावाभावांचं जमत नाही आणि पोटात बघा कसं गुण्यागोविंदानं चाललंय. आता माझ्या पोटात म्हणे कोठी भरत नाही, मांस काही घेत नाही, साखर रक्तात नुसती हिंडते आणि लघवीवाटे निघून जाते — जाईना का. वाढणारा सढळ असला की सांडायचंच.

तहान? आहे की. उशाशी घागरच ठेवतो, तांब्यानं भागत नाही. मोरीतल्या मुंग्यांचं रखमेनं सांगितलं वाटतं तुम्हाला — मोरीत मुंग्या नाही तर काय मोर येणार? टाचेचं म्हणाल तर जोडा चावला होता, दसऱ्याच्या सुमारास. अजून ओलं आहे, पण दुखत नाही हो, काडीइतकं दुखत नाही. दाखवतो, दाखवतो, घाई काय आहे.

कामाचं बोलू. उद्या आमच्या मुलीचं, आवडीचं, लग्न. मुलाकडची ठाण्याची मंडळी सकाळच्या आगगाडीनं यायची, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा दौलतराव — तुम्ही मुंबईत शिकलात, तुम्हाला हे ठाऊक नसेल — मुलाकडचा एक खाणारा, मुलीकडचा एक, समोरासमोर बसवतात, जिलबी वाढत राहतात, आणि ज्यानं आधी पानावर हात आडवा धरला तो पक्ष हरला. मग मुलीला सासरी ऐकून घ्यावं लागतं, तुझ्या माहेरचे अर्ध्या पानावरून उठले. आमच्या घरात हात आडवा कोणी धरला नाही. वडिलांनी तर नाहीच. ते शेवटच्या पंगतीला बसले तेव्हा असेच वाळले होते, अगदी असेच, घागर शेजारी घेऊन, आणि पाऊल काळं पडलेलं — लोक म्हणत होते, काय जाळ आहे म्हाताऱ्याच्या पोटात. दौलतरावाचा बाप आधी उठला. आम्ही वडिलांना खांद्यावर घेऊन नाचलो. आठवडाभरानं पुन्हा खांद्यावरच...

काय सांगत होतो मी?

हां, जिलबी. आचाऱ्यानं पहिला घाणा आत्ताच काढला, तुमच्यासाठी द्रोण भरून आणलाय. आवडीनंच बांधून दिला. म्हणाली, डॉक्टरांना विचारा, ते नको म्हणाले तर तुम्ही बसू नका, सासरी काय ऐकायचं ते मी ऐकीन. पोर आहे. अजून परकर सावरता येत नाही आणि म्हणे मी ऐकीन. म्हणून विचारायला आलो — उद्याचा एकच दिवस. परवापासून तुम्ही म्हणाल ते, कारलं म्हणा, कडुनिंब म्हणा. काय? घ्या ना, गरम आहे तोवर. तुम्ही घेत नाही तर मीच एक —

अहो. द्रोणावरचा हात काढा.

डॉक्टर, माझ्या मुलीच्या लग्नाची जिलबी आहे ती. हात काढा म्हणतो ना.

नाही काढणार?

बरं. असाच धरतात वाटतं. पालथा, बोटं जुळवून. आम्हाला कुणी शिकवलाच नाही हो. राहू द्या, काढू नका आता, जरा वेळ तसाच धरा — मला नीट बघून घेऊ द्या.