कोड्यावरचं नाव

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे संपादक साहेब आणि व्यवस्थापक साहेब, मुद्रितशोधन विभागातल्या माझ्या मैत्रिणींनो, आवर्जून आलेले वाचकहो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई, सर्वांना नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की ही बाई आहे तरी कोण, एकदा भेटायला हवं, असं मलाच वाटू लागलं. शिवाय हे भिंतीवरचं घड्याळ! चोवीस वर्षं उशिरावरून बोलणी खायला लावायची आणि निवृत्तीच्या दिवशी घड्याळ हातात द्यायचं, हे आपल्याच कचेरीला सुचावं. असो. आभारी आहे.

मंडळी, दिवसभर मी या कचेरीत दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि घरी जाऊन रविवारचं शब्दकोडं जुळवलं. त्यामुळे तुम्ही मला 'कोडेताई' म्हणू लागलात. माझा नियम एकच. अवघड शब्द घालायचा, तर त्याला छेदून जाणारे शब्द सोपे हवेत. वाचक अडला तरी त्याला सुटायला वाट हवी. ती वाट आहे की नाही, हे दर गुरुवारी सासूबाई तपासायच्या. शिक्षण चौथीपर्यंत, वय आज ब्याऐंशी. त्या पेन्सिल घेऊन बसणार, मी शेजारी तोंड मिटून. त्यांना सुटलं, तरच कोडं कचेरीत यायचं. "हा शब्द कुणाच्या तोंडात आहे गं?" असं म्हणत त्यांनी माझे किती लाडके शब्द उडवले, याची गणती नाही. सासू-सुनेचं भांडण शब्दांवरून होतं म्हणतात ना, आमच्याकडे ते खरोखरच तसं व्हायचं!

आता जरा न आवडणारं बोलते. अध्यक्ष महोदय, आपण मोठ्या मनाने ऐकून घ्याल.

गेल्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या रविवारी मला न विचारता, संगणकावर तयार झालेलं एक विकतचं कोडं छापलं गेलं. वर नाव माझं. माझ्या डोळ्याला पट्टी, मला पत्ताच नाही. सासूबाईंना वाटलं, सुनेने आधीच देऊन ठेवलं असेल. त्या सोडवायला बसल्या.

बुधवारी मला त्यांच्या उशीखाली तो अंक सापडला. खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं. आता मला जमेनासं झालंय. डोकं चालत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

मी कोडं तपासलं. आडव्या सातात जिथे 'क' हवा होता, तिथे उभ्या तीनात 'म' हवा होता. ते कोडं कुणालाच सुटणारं नव्हतं! चार दिवस ही बाई स्वतःला दोष देत बसली. का? तर कोड्यावर माझं नाव होतं, आणि सून चुकायची नाही, याची त्यांना खात्री होती. पुढे वाचकांचे अकरा फोन आले. निवृत्त परिचारिका, शिंपीकाका, एक मास्तर. एकानेही "कोडं चुकलंय" म्हटलं नाही. सगळे म्हणाले, "ताई, आमचं वय झालं." मंडळी, मला त्या दिवशी रडू आलं. आणि रागही आला.

आज दुपारी व्यवस्थापक साहेबांनी एक संमतिपत्र माझ्या हाती दिलं. मी गेल्यावरही ती तयार कोडी 'कोडेताई' या नावाने छापायची, आणि मी या व्यासपीठावरून होकार द्यायचा. साहेब म्हणाले, "नुसतं नाव तर राहणार आहे, ताई." साहेब, तुमच्या मनात वाईट नाही, हे मी जाणते. पण नुसतं नाव म्हणजे काय हो? त्या नावाच्या भरवशावर लोक स्वतःच्या डोक्यावर शंका घेतात! तेव्हा माझा नकार आहे. पत्र सही न करता परत करते. नाव माझ्याबरोबर येईल.

आणि मी घरी बसणार नाही. कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्या दादांशी बोलणं झालंय. दर पंधरवड्याला चार पानं, नुसती कोडी. जुळवणार मी, पोस्टात टाकणार मी. चालेल का? ठाऊक नाही. पण काढणार, हे नक्की.

ते छापलेलं कोडंच चुकीचं होतं, हे सांगूनही पहिल्या अंकाचं कोडं सासूबाई हातात घेईनात. "मला नको, मला येत नाही," एवढंच. महिनाभर मी ते त्यांच्यासमोर ठेवत राहिले. आज सकाळी बसल्या. एका ठिकाणी अडल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांनी दोनदा खोडलं, चष्मा पुसला आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इकडे ये. इथे तुझं चुकलंय."

खरंच चुकलं होतं हो! अंक आता दोन दिवस उशिरा निघेल, आणि इतक्या आनंदाने मी आजवर कधी उशीर केलेला नाही.

या संस्थेने मला भाकरी दिली, माणसं दिली, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर क्षमा असावी. आणि एक विनंती. माझं कोडं सुटलं नाही, तर ते माझंच चुकलं, असं समजा आणि मला हाक मारून सांगा.