दुपारी चारची कूस

अधिकारी : पण सिस्टर, पेशंट गेला अकरा चाळीसला. तुमच्या तक्त्यात दुपारी चारला त्याची कूस बदललीय.

सिस्टर : हो.

अधिकारी : सहाला मॉनिटरचा अलार्म तपासलाय. आणि आत्ता वाजलाय एक!

सिस्टर : दिवसभराच्या खुणा सकाळीच करून टाकतो साहेब. आयसीयूत आठ पेशंट, आम्ही दोघी. खुणा करत बसलं तर पेशंट कोण बघणार?

अधिकारी : अहो, तक्ता पेशंटच्याच सुरक्षेसाठी आहे.

सिस्टर : आधी बारा रकाने होते. तुम्ही आलात, चाळीस झाले. एक रिकामा राहिला तर सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केलीत. तेव्हापासून एक रिकामा नाही.

अधिकारी : म्हणून तर सुरक्षेच्या स्पर्धेत ढाल मिळाली आपल्याला.

सिस्टर : तुमच्या केबिनला.

अधिकारी : बरं, ते सोडा. अलार्मचं खरं काय?

सिस्टर : उगीचच वाजत होता. शेजारच्या आजींचा डोळा लागेना, म्हणून सकाळी मीच आवाज कमी केला. वाढवायचा राहिला. व्हेंटिलेटरची नळी निसटली, तेव्हा आम्ही दोघी पलीकडच्या खाटेशी. ऐकूच आलं नाही.

अधिकारी : कुणाला बोललात हे?

सिस्टर : तुम्हालाच.

अधिकारी : मग इथंच गिळा. नवा तक्ता लिहा, अकरा चाळीसपर्यंतचा. अलार्म तपासला, आवाज व्यवस्थित. त्याची मुलगी कागद मागतेय. खरं कळलं तर पहिली तुमची नोकरी जाईल.

सिस्टर : तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला.

अधिकारी : तेच म्हणतोय मी.

सिस्टर : आणि बाकीच्या सात खाटांचे अलार्म? कागदावर तपासलेत, म्हणून हात कुणी लावत नाही.

अधिकारी : बैठकीत घेऊ. त्यासाठी एक रकाना वाढवू.

सिस्टर : वाढवा. तोही सकाळीच भरू.

(मुलगी दार ढकलून आत येते.)

मुलगी : सिस्टर, कागद सावकाश द्या. एवढंच सांगा, शेवटी बाबा एकटे नव्हते ना?

अधिकारी : छे छे! सिस्टर उशाशीच होत्या.

मुलगी : मग बरं. तेवढंच मनात होतं.

सिस्टर : बस गं बाळा. मी नव्हते तिथं.