न गळणारी डोणी

मंडळी, ऐका! आज प्रश्न आधी, गोष्ट नंतर.

प्रश्न असा — स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूचा अभिमान धरावा, की धरू नये?

काय म्हणालात? धरू नये? कोण म्हणालं ते? — काका, तुम्ही! बरोबर आहे, पहिल्या रांगेत बसलं की असंच म्हणावं लागतं! पण समजा, आता घरी गेलात आणि सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, ही कुंडीतली पहिली मिरची, मी लावलेली!" — तर काय सांगाल? "अहंकार सोड गं"? मग जेवायला कोण वाढणार?

चैत्र आहे. घरोघरी गौर झोपाळ्यात बसली आहे. पुढे आरास. कुणी ताटलीत गहू उगवलेत. कुणी मडक्याला ओला कापूस गुंडाळून त्यावर अळीव पेरलेत, मडकं हिरवंगार! कुणी कलिंगडाचं कमळ कापलंय. बायका हळदीकुंकवाला येतात, आंब्याची डाळ खातात, पन्हं पितात आणि विचारतात, "हे सगळं तुम्ही केलंत?"

त्या क्षणी त्या घरच्या बाईचा चेहरा बघा! माझं कीर्तन ऐकून तसा चेहरा कुणाचा झालेला मी अजून पाहिला नाही.

तो चेहरा म्हणजे पाप का? सांगा!

— झांज! —

हातें घडे तेंचि गोड ।
जरी वाकडें, जरी ओबड ॥

ही ओळ कुठल्या संताची नाही हो, माझीच आहे. मात्रा सांभाळून घ्या. आणि आता जी गोष्ट सांगतो तीही पुराणात शोधू नका. रचलेली आहे. कुणी रचली? मी! — बघा, बघा, इथूनच सुरू झाला अभिमान!

एक गाव नदीकाठी. काळी माती, फुलमळे. काठी रोवली तर काठीला पालवी! त्या गावात ठकूबाई माळीण. तिची लेक येसू.

दुसरं गाव वर, माळावर. माती? नाव काढू नका. नुसता कातळ! तिथं मल्हारी पाथरवट. जातीनं हाही माळीच. पण त्याच्या आज्यानं दुष्काळात मळा सोडला, छिन्नी धरली, ती घरात राहिली. वाड्यांची जोती, घरोघरची जाती, आणि डोणी — म्हणजे गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद, लांबट — हे सगळं मल्हारी घडवायचा.

येसूच्या बापानं पोरगी दिली मल्हारीला. ठकूबाई चुलीपाशी बसून राहिली. हो नाही म्हणाली, नाही पण नाही म्हणाली. हे तिसरं उत्तर फक्त बायकांना येतं आणि तेच सगळ्यात महाग पडतं!

पाठवणीच्या वेळी मात्र तोंड उघडलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मोगऱ्याचं रोप लेकीच्या हातात दिलं.

"आई, हे कशाला?"

"लाव की सासरी."

"तिथं माती न्हाई म्हणत हुतीस ना?"

"म्हणून तर दिलं! चैतात गौर मांडशील तवा येईन मी. ह्याला फूल दिसलं, तर तुझ्या हातचं हळदीकुंकू घेईन. न्हाई दिसलं, तर तुला उचलून घरी आणीन. जिथं मोगरा जगत न्हाई, तिथं माझी पोरगी काय जगंल?"

येसू? अहो, ठकूबाईचीच लेक ती!

"ये आई," म्हणाली. "येताना केसात मोकळी जागा ठेवून ये. गजरा मी देईन."

झालं! बोलून गेली. बैलगाडी माळावर चढली, आणि येसूनं सासरचं अंगण पाहिलं —

कातळ. इकडे कातळ. तिकडे कातळ. मध्ये एक कोंबडी, तीही उदास!

दुसऱ्या दिवशी येसू नवऱ्यासमोर उभी.

"अवं, बैलाला डोण्या घडवता. मला एक घडवा."

"तू काय बैल हाईस?"

"बैलाला निदान पोळ्याला तरी मान मिळतो!"

मल्हारी हसला. हसला तो अडकला. नवऱ्यांनो, लक्षात ठेवा! पण तिनं मोगरा दाखवला, आईचा शब्द सांगितला, तेव्हा मात्र गडी गंभीर झाला. म्हणाला, "तुझ्या आईला, मामीला दाखवू, आपल्या माळावर काय हुतं ते. अशी डोणी करतो की राजाच्या बागंत नसंल."

आणि मंडळी, केली! कडेला वेल कोरली, चारी कोपऱ्यांना कमळं. आतून अशी घासली की बोट फिरवावं तर लोण्यावरून फिरतंय. मग परीक्षा. ह्या माणसाची एक रीत होती — डोणी तयार झाली की खाली कोरडी राख पसरायची, काठोकाठ पाणी भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी खालची राख चिमटीत धरून फुंकायची. उडाली, तर माल पास! पंचक्रोशीत बोललं जायचं, "मल्हारीची डोणी थेंब सोडत न्हाई."

येसूच्या डोणीखालची राख? भुर्रकन उडाली!

आता येसूचं काम बघा. ओढ्याकाठची माती पदरात बांधून आणली. शेळीच्या लेंड्या कुटून मिसळल्या. माळावरचा वारा कसा? रोप उपटून नेईल असा! शिंदीच्या पानांची तट्टी विणली आणि वाऱ्याच्या बाजूला उभी केली. पहिली तट्टी वाऱ्यानं नेली. दुसरी शेळीनं खाल्ली. तिसरी उभी राहिली! घायपाताचा वाख काढला, दोर वळला, गौरीचा झोपाळा विणला. उरल्या पानांचे राघू केले — एकाची चोच वाकडी झाली, तोच तिला जास्त आवडला. हात सोलले, पण तोंडात एकच: "आईला दाखवीन!"

आणि मोगरा?

मोगरा पिवळा पडला.

येसू म्हणाली, कातळ तापतोय, तहान लागली असंल. पाणी घातलं. आणखी पिवळा. आणखी पाणी! पानं गळायला लागली. ओढ्यावर खेपा, डोक्यावर घागर, मान मोडली — ओत पाणी!

(ताई, तुम्ही मान डोलवताय. म्हणजे तुमची पण कुंडी अशीच गेली वाटतं! मायेनंच मारलीत ना?)

एके सकाळी तिनं मातीत बोट खुपसलं. वर कोरडी होती. खाली चिखल. बोट नाकाशी नेलं — सडका वास! मुळं कुजत होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. माहेरी नदीकाठची भुसभुशीत जमीन; पाणी घातलं की खाली निघून जायचं. कुठं जातं, हे तिथं कुणी विचारलंच नव्हतं. घातलेलं पाणी सगळ्यांना दिसतं हो; निघून गेलेलं कुणाला दिसतं?

आणि इथं? इथं मल्हारीची डोणी! थेंब सोडत न्हाई!

"अवं," येसू म्हणाली, "डोणीला भोक पाडा."

मल्हारीनं हातातलं काम खाली ठेवलं.

"काय पाडू?"

"भोक. बुडाला. पाणी जायाला पायजे."

"येसू, भोक म्हंजे खोट! माझ्या आज्यानं भोकाची डोणी विकली न्हाई, बापानं न्हाई, मी न्हाई. माणसं काय म्हणतील? मल्हारीची डोणी गळती?"

"गळू दे!"

"गळू दे? अगं, एवढी देखणी वस्तू पुन्हा माझ्या हातून हुईल का, ठावं न्हाई मला! आणि पाडायचं म्हणलं तरी बूड घासून पातळ केलंय. एक घाव जास्त बसला की दोन तुकडे!"

"आणि न्हाई पाडलं तर मोगरा मेला. चैतात आई यील. मग ही देखणी डोणी घिऊन एकलेच बसा माळावर!"

पटलं का? नाही पटलं. पुरुषाला खरं बोललेलं कधी लगेच पटतं का? पाय आपटत ओसरीच्या पलीकडे जाऊन बसला.

येसूनं काय करावं? मोगरा मातीसकट अलगद काढून टोपल्यात ठेवला. डोणी उपसली. एकटीनं, पहारीचा आधार लावून, आडवी केली. नवऱ्याची छिन्नी घेतली. हातोडा घेतला. आणि घातला घाव — ठण्ण!

पलीकडे मल्हारीनं कान टवकारले. आवाज चुकीचा! जन्म दगडात गेलेला माणूस. कान सांगतो घाव कुठं बसला. दुसरा घाव — ठण्ण! — आणखी चुकीचा. तिसऱ्याला धावत आला.

"थांब! तशी फुटंल ती! तिरकी धरलीस छिन्नी!"

"मग तुम्ही धरा सरळ."

बघा कशी बाई! छिन्नी पुढे केली. दोघं समोरासमोर. मध्ये ती डोणी. तिच्यात ह्याचा सगळा अभिमान, आणि टोपल्यात तिचा. एकाचा राखायचा तर दुसऱ्याचा जातो. मल्हारीनं छिन्नी घेतली. दगडाला कान लावला. बोटानं जागा चाचपली. हातोडा उचलला आणि —

श्रीराम जय राम जय जय राम! म्हणा! टाळी वाजवून म्हणा! — नाही, पुढचं नाही सांगत अजून. त्याला तरी कुठं घाई होती? हातोडा हवेत धरून उभा होता तो! तुम्हीपण थोडं थांबा की. आपल्या हातची सगळ्यात चांगली वस्तू आपल्याच हातानं बिघडवायची, हे काय सोपं असतं? श्रीराम जय राम जय जय राम! —

— टक्. टक्. टक्. हलका हात. दगडाची भुकटी फुंकायची, कान लावायचा, पुन्हा टक्. आणि एकदम — छिन्नी पलीकडे! त्याच क्षणी भोकापासून एक चीर निघाली. केसासारखी. सर्रकन चार बोटं धावली. आणि...

थांबली!

बाजूच्या कमळाच्या पाकळीपाशी येऊन थांबली. मल्हारीनं छिन्नी ठेवली, दोघांनी डोणी उचलून दोन धोंड्यांवर सरळ मांडली. येसूनं घागरभर पाणी ओतून बघितलं. खालून धार! काळी, घाण, कुजकट धार, आणि ती दोघं अशी बघतात जणू गंगा निघाली!

मग तिनं तळाशी खडे घातले, वर नवी माती. कुजकी मुळं कापली. फांद्याही छाटल्या. मल्हारी ओरडला, "अगं, उरलंय काय त्यात?" ती म्हणाली, "तुमच्या दगडाला तुम्ही काय लावता? घावच ना? मग गप बसा." (इथं एक म्हण आहे, तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. म्हणून आज मी ती म्हणणार नाही.)

शिमगा गेला. पाडवा गेला. काड्यांना फूट आली. आणि नव्या फुटीलाच तर मोगरा कळी धरतो!

चैत्रातला शुक्रवार. ठकूबाई माळ चढून आली. रिकामी नाही हं! डोक्यावर मोगऱ्याच्या फुलांची पाटी. म्हणजे इथं फूल नसणार, हे मनात धरूनच! आणि बैलगाडी खालीच उभी केलेली, लेक न्यायला.

अंगणात आली. शिंदीची तट्टी. तट्टीच्या सावलीत वाखाचा झोपाळा, झोपाळ्यात गौर. पुढे उगवलेले गहू, पानांचे राघू. आणि डोणीत मोगरा. ठेंगणा. फुलं मोजकीच, पण वास — अंगणभर!

ठकूबाई फुलांकडे बघेना. पक्की माळीण ती! पाटी एका हातानं सावरत वाकली, दुसरा हात डोणीच्या बुडाखाली घातला. हात ओला.

"जावईबापू, तुमची डोणी तर थेंब सोडत न्हाई म्हणं. ही गळती हो!"

येसूनं नवऱ्याकडे पाहिलं. आता हा काय बोलतो?

मल्हारी पुढं आला. छाती काढून म्हणाला, "गळती. भोक मी पाडलंय. आजवर पन्नास डोण्या घडवल्या असतील मामी, पण असलं भोक पाडायला अजून कुणाला जमलं न्हाई!"

"आणि ही तट्टी?"

"ती मी केली," येसू म्हणाली. "झोपाळा मी विणला. माती मी आणली. मोगरा पैल्यांदा मीच मारत हुते, आणि मीच जगवला."

ठकूबाईनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि भिंतीआड सरकवली. गौरीसमोर पाट होता, त्यावर बसली. कपाळ पुढं केलं.

"लाव कुंकू."

येसूनं लावलं. भिजल्या हरभऱ्यानं आईची ओटी भरली. डोणीतली फुलं खुडून तिथंच गजरा केला, आईच्या केसात माळला. केसात मोकळी जागा होती हो! आई तशीच आली होती!

उठताना ठकूबाई जावयाला म्हणाली, "मला पण एक डोणी घडवा. भोकासकट!"

— झांज! —

तर काका! पहिल्या रांगेतले! धरावा का अभिमान? धरा! खुशाल धरा! ताई, अळिवाचं मडकं तुम्ही हिरवं केलंत ना? मग "हे मी केलं" असं तोंड भरून सांगा. बाजारची प्लास्टिकची वेल टांगून मान खाली घालण्यापेक्षा, वाकड्या चोचीचा राघू करून मान वर करा! देवाला चालतं. त्यानं नाही का आपल्यासारखे वेडेवाकडे घडवले, आणि अजून कौतुकानं बघतोय!

फक्त एक करा. जी वस्तू तुम्हाला सगळ्यात बिनखोट वाटते — कुणाला आपला संसार, कुणाला आपला स्वभाव, कुणाला आपलं कीर्तन — तिच्या बुडाखाली एकदा हात घालून बघा. हात ओला झाला, तर नशीबवान आहात. आत काहीतरी जगतंय!

हात कोरडा लागला तर — मंडळी, छिन्नी घरातच असते. बहुतेक बायकोच्या हातात असते.

म्हणा, श्रीराम जय राम जय जय राम! आणि उठताना पायाखाली बघून उठा. दारात पोरींनी चैत्रांगण काढलंय, आपल्या हातानं!