चौघांत मिळून एक भविष्य

त्या टॅरोवाल्या ताईचं नाव माझ्यापुढं काढू नका राव, डोकं फिरतं माझं.

आम्ही चौघं थेरगावात एका खोलीत राहायचो आणि चाकणच्या एकाच कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होतो. ही ताई ऑनलाइन भविष्याचे चारशे रुपये घ्यायची, तेही एका प्रश्नाला. लातूरचा संत्या म्हणाला, "चौघांचा प्रश्न एकच हाय ना, पर्मनंट कधी होणार? मग शंभर-शंभर काढू. कॅमेऱ्यात मी एकटाच बसतो, तिला काय कळतंय!"

जेवता जेवताच व्हिडिओ कॉल लावला. ताईनं पत्ते मांडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "तुमच्या वाटेत एक माणूस आडवा येतोय. रोज तुमच्यासोबतच जेवतो."

चौघांचे घास हातातच राहिले.

फोन ठेवल्या ठेवल्या संत्या माझ्याकडं बघून म्हणाला, "सुपरवायझरला रोज चहा कोण पाजतं, ठावं हाय मला."

"आणि त्याच्या गाडीवर मागं बसून कोण येतं?" मीही सुनावलं.

दुसऱ्या दिवसापासून चौघं चार कोपऱ्यांत जेवायला लागलो.

महिन्याभरात ठेकेदारानं कंत्राटात ब्रेक देऊन चौघांनाही एकाच दिवशी घरी बसवलं. तेव्हा कुठं तोंडं उघडली. तो माणूस कोण, हे विचारायला प्रत्येकानं चोरून तिलाच फोन केला होता, अख्खे चारशे भरून. संत्यानं तर तीनदा! आणि प्रत्येकाला तिचं उत्तर एकच, "नाव पुढच्या कॉलला दिसेल."

आमच्यात पर्मनंट कुणी झालंच असेल, तर ती ताई.