धाकट्याचा कोट

नाही, नाही, टेबलावर नका टाकू, तिथं सुया आहेत – इकडे द्या, माझ्या हातात. आणि स्टुलावरचा तो गठ्ठा सरकवा बाजूला, बसा. ओळखला का म्हणून काय विचारता? अहो बाई, तीस वर्षं रफू करतेय मी, माणसाचा चेहरा विसरेन पण कापड नाही विसरायची – आणि हा तर माझ्या धाकट्या भावाचा कोट. पिशवीतून बाही बाहेर आली तेव्हाच ओळखला. मगाशी काय म्हणालात, परत सांगा – काचेचं कपाट? ऑफिसच्या तळमजल्यावर, आत शिरल्या शिरल्या दिसेल असं? त्यात हा कोट, वर त्याचा फोटो, आणि खाली पाटी – ‘अखेरच्या श्वासापर्यंत काम’. वा! कुणाला सुचलं हे, तुम्हाला? – नाही, साहेबांना. साहेबांनाच सुचणार. त्याला जाऊन वर्ष होतंय, तेवढ्यात तयार हवंय. आणि हे जे कापलंय, छातीपासून पार खांद्यापर्यंत, हे तेवढं दिसायला नको, होय ना? अँब्युलन्सवाल्यांची कात्री आहे ही. बटणं काढायला सवड नव्हती त्यांना. मीटिंगमध्ये बसल्या जागी मान टाकली त्यानं, सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि शेजारच्याला वाटलं, कागदच वाचतोय – मी काय सांगते तुम्हाला, तुम्ही असाल तिथं. होतात? – मग मान खाली कशाला घालता, तुमचा काय दोष.

होईल की. न व्हायला काय झालं? याच्यापेक्षा वाईट फाटलेलं आलंय माझ्याकडे. बाजारचा धागा नाही चालत, रंग कितीही जुळवा, उन्हात गेलं की चोरी पकडली जाते. धागा त्याच कपड्याचा लागतो. अस्तराच्या आत, शिवणीला, जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्यातून एकेक धागा उपसायचा आणि उभा-आडवा विणत न्यायचा. लोक कपडा घ्यायला येतात आणि मलाच विचारतात, फाटलं होतं कुठं? – आठ दिवस लागतील. भिंग द्या ते. त्या डब्यामागे.

काय? सत्कार? माझा? कशाबद्दल? – लिहून आणलंय, वाचा की मग, लाजता कशाला. ‘ताईंनी स्वतःच्या आयुष्याचा त्याग करून, या छोट्याशा खोलीत राबून भावाला घडवलं…’ पुरे. फाडा तो कागद. माझ्यासमोर फाडा. त्याग म्हणे! मला विचारलंत तुम्ही? शाळेत त्याच्यापेक्षा हुशार होते मी. नोकरी होती मला, पंख्याखालची, टेबल-खुर्चीची. अकरा महिने केली. रोज संध्याकाळी स्वतःला विचारायची, आज काय केलंस गं? – तर याचा कागद त्याच्याकडे सरकवला. मग वडिलांची नजर अधू झाली, हे दुकान त्यांचं, म्हणून एक दिवस रजा काढून इथं बसले, एका मास्तरांच्या पँटचा गुडघा विणला. मास्तर आले, गुडघ्यावरून हात फिरवतायत, फिरवतायत, भोक काही सापडेना त्यांना! झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही. वडील चिडले, आई दोन दिवस बोलली नाही, ठरत आलेलं लग्न मोडलं – सुईदोऱ्याची बाई नको म्हणाले. आणि मी? मी सुखात होते. आहे. आठ बाय दहाची खोली, उत्तरेचा उजेड, सहाला दार बंद, घरी जायचं, भाजी चिरायची, दहाला आडवं व्हायचं – की झोप. गोळी नाही, काही नाही. तुम्हाला लागते झोप? – बघा. पण माझी झोप कोण लावणार कपाटात? मी ‘बिचारी’! तीस वर्षं कान किटले ऐकून – बिचारी, भावासाठी झिजली. जिचं पोट भरलंय ती बिचारी, आणि जो जेवायला घरी पोचत नव्हता, त्याची पूजा मांडा!

काय बघताय? तो फोटो? – हो, त्याचाच, वर्तमानपत्रात आलेला. बक्षीस मिळालं तेव्हाचा. मीच लावलाय काचेखाली. गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. हो, म्हणूनच. कुणी ‘बिचारी’ म्हटलं की मी कापड दाखवल्यासारखं बोट ठेवायची त्याच्यावर – हा माझा भाऊ. लगेच आवाज बदलायचा समोरच्याचा. – असू दे. माणसाला लागतं थोडंसं.

नाही, रोज कुठला भेटायला. शेवटचा? – शेवटचा मंगळवारी आला. भरदुपारी, कामाच्या दिवशी. तुम्ही बसलात तिथंच बसला, बूट काढले, पाय लांब केले. मी म्हटलं, काय रे, वाट चुकलास का? तर म्हणतो, “ताई, मला बसू दे ना इथं. सहा महिने. बटणं लावीन, झाडून काढीन.” मला वाटलं चेष्टा करतोय – नाही. खोटं का बोलू. चेष्टा नव्हती ती, मला कळलं होतं. त्याचा चेहराच तसा होता, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. कळलं होतं हो मला! आणि काय म्हटलं मी? – मी, ही सुखात असलेली – म्हटलं, “वेड लागलंय का तुला? लोक काय म्हणतील? एवढं शिकलास ते सुईत दोरा ओवायला? आणि या फोटोचं काय करू, काढून ठेवू?” हसला. म्हणाला, “नको, राहू दे, बरा आलाय.” बूट घातले आणि गेला. त्यानंतर सतरा दिवस. मोजलेत मी.

तुमच्या साहेबांवर ओरडायला मला काय अधिकार आहे, असं वाटत असेल तुम्हाला. वाटू दे. तरी ओरडणार.

थांबा. थांबा जरा. हे अस्तर कुणी उघडलं? हा शिंप्याचा टाका नव्हे – हातशिलाई आहे, काळ्या दोऱ्याची, वाकडीतिकडी. आणि आतले धागे काढलेत. चांगले वीत-वीत लांबीचे. तुमच्याकडे कुणी हात लावला होता? – मग? बाही धरा. उलटी करते. कोपर… हे बघा. बोट फिरवा इथं. लागलं? रफू केलंय, अहो! तिरकी सुरुवात, आमच्या वडिलांची, आम्हा दोघांनाच शिकवलेली. आणि ओढलंय किती मेल्यानं, कापड गोळा झालंय सगळं! लहानपणी कितीदा सांगितलं, टाका आवळू नकोस, शेवटाला धागा सैल सोड – कधी केलंस रे? कुठं बसून? त्या काचेच्या केबिनमध्ये, दार लावून? – तुम्ही नका बोलू. तुम्हाला काय माहीत असणार. मंगळवारी हाच कोट होता अंगावर. हाच. त्यानं कोपर इथं, इथं टेकवलं होतं, माझ्या नाकासमोर. दाखवायला आला होता तो. आणि मी फोटोकडे बघत होते.

नाही. नाही करणार मी. साहेबांना सांगा, रफू होत नाही – नको, होतं, पण ती करत नाही म्हणावं. हवा असेल तर कापलेलाच लावा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू दे कुठून कापलाय. लावाल? – नाही ना. मग राहील इथं. धाकट्याच्या बायकोशी मी बोलते, तिनंच दिला ना तुम्हाला, ती काही नाही म्हणायची नाही. काय? कोपर तरी नीट करून ठेवते का, म्हणता? – खबरदार. त्या टाक्याला कुणी बोट लावायचं नाही. मीसुद्धा नाही.

अजून उभ्याच तुम्ही? निघा आता.